शिरेतले अन्न आणि कागदावरचे आतडे

आजारी माणसाला सलाईन लावले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आता अंगात ताकद येईल, अशी सर्वांची खात्री असते. वर्गात एकदा हे गणित जरूर करून पाहावे. साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि ०.९ टक्के मीठ असते, म्हणजे त्यातून मिळणारी ऊर्जा शून्य. पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली घेतली, तर तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज असते. शिरेतून देण्याच्या ग्लुकोजच्या रेणूला पाण्याचा एक रेणू जोडलेला असतो, म्हणून त्याच्या एका ग्रॅमपासून ४ ऐवजी ३.४ किलोकॅलरी मिळतात. बाटलीभर द्रावणातून मिळाल्या ८५ किलोकॅलरी. एक मध्यम केळे खाल्ले तर यापेक्षा थोड्या जास्तच मिळतील.

आता समजा, एखाद्याचे लहान आतडे अपघातात किंवा शस्त्रक्रियेत जवळजवळ सगळे काढून टाकावे लागले. त्याला तोंडाने कितीही खायला दिले तरी अंगी लागणार नाही. दिवसाला २००० किलोकॅलरी या बाटल्यांतून द्यायच्या तर सुमारे १२ लिटर द्रावण शिरेत सोडावे लागेल. शरीराला रोज एवढे पाणी बाहेर टाकणे झेपणार नाही. शिवाय यात प्रथिने नाहीत, स्निग्ध पदार्थ नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत.

हा प्रश्न सुटायला तीनशे वर्षे लागली. तो सुटल्यावर लगेच दुसरा उभा राहिला: या अन्नाचे बिल कोणाच्या नावावर आणि कोणत्या सदरात लिहायचे? हा दुसरा प्रश्न प्रयोगशाळेतला नाही, म्हणून विज्ञानाच्या इतिहासात त्याला सहसा जागा मिळत नाही. पण अमेरिकेत त्याचे जे उत्तर निघाले त्यावर कित्येक रोग्यांचे जगणे अवलंबून राहिले, आणि त्या उत्तरात एका दशकातले विज्ञान पुढची कित्येक वर्षे गोठून राहिले.

पचन कुठे करायचे?

रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली मांडले. त्यानंतर रक्तात काही सोडले तर ते सर्वत्र पोहोचेल, हा विचार सुचणे साहजिक होते. १६५६ साली ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर रेन यांनी (पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल बांधले ते हेच) पिसाची पोकळ दांडी आणि जनावराचे मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत दारू आणि अफू सोडली. कुत्र्याला नशा चढली. पोषणाच्या दृष्टीने यातून काही निघाले नाही, पण वाट दिसली.

त्या वाटेवरचा पहिला खरा उपयोग कॉलऱ्याच्या साथीत झाला. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात साथ पसरली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांच्या रक्ताचे पृथक्करण करून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले आहेत. हे वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये एका वृद्ध रोगिणीच्या शिरेत खारे पाणी सोडले. तिची बुडालेली नाडी परत आली, चेहऱ्यावर तजेला आला. लाटा निश्चिंत होऊन निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती दगावली. केवढे दिले यापेक्षा किती जात आहे याचा हिशेब ठेवला पाहिजे, हे या घटनेतून दिसते. (ओशॉनेसी १८३३ साली कलकत्त्याला आले. कलकत्ता, आग्रा, मुंबई यांना जोडणारे आपल्याकडचे पहिले तारायंत्र त्यांच्याच देखरेखीखाली उभारले गेले.)

खारे पाणी चालते, मग अन्न का चालू नये? कॅनडात एडवर्ड हॉडर यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना चक्क शिरेतून दूध दिले. असे का चालणार नाही, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांच्या १८४३ च्या एका साध्या प्रयोगातून कळते. त्यांनी कुत्र्याच्या शिरेत उसाची साखर टोचली, तेव्हा ती मूत्रातून बाहेर पडली. तीच साखर आधी जठररसात ठेवून मग टोचली, तेव्हा ती मूत्रात आली नाही. आतडे म्हणजे नुसती नळी नाही. रेणू तोडून रक्ताला चालतील असे करण्याचे काम तिथे होते. आतडे टाळायचे असेल तर हे काम बाहेर, काचपात्रात करावे लागणार.

साखरेपुरते उत्तर सोपे होते: ग्लुकोज द्या. प्रथिनांसाठी १९३७ साल उजाडले. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये रॉबर्ट एल्मन यांनी दुधातल्या केसीन या प्रथिनाचे विघटन करून मिळालेली अमिनो आम्ले माणसाच्या शिरेतून दिली. त्याच सुमारास विल्यम रोझ यांनी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल शोधून काढले होते, आणि शरीराला बाहेरूनच मिळावी लागणारी अमिनो आम्ले कोणती हे स्पष्ट होत चालले होते.

तेलाचे काम सर्वांत अवघड. तेल रक्तात तसेच सोडले तर त्याच्या थेंबांनी फुप्फुसातल्या केशवाहिन्या बंद पडतील. त्याचे अतिशय बारीक कणांचे पायस करावे लागते, दुधासारखे. अमेरिकेत सरकीच्या तेलाचे असे पायस बाजारात आले होते, पण त्याचे दुष्परिणाम इतके निघाले की १९६० च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातली फॉस्फोलिपिडे यांचे पायस तयार केले. १९६२ पासून ते युरोपात वापरात आले. अमेरिकेत मात्र ते यायला आणखी दहा वर्षांहून अधिक काळ जायचा होता, आणि याचा परिणाम पुढच्या प्रयोगांवर झाला.

बीगल जातीची सहा पिले

हे प्रयोग फिलाडेल्फियातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील स्टॅन्ली डुड्रिक, जोनाथन ऱ्होड्स आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे रोजचा अनुभव असा होता की शस्त्रक्रिया उत्तम होते, आणि रोगी काही आठवड्यांनी उपासमारीने मरतो.

तेल हाताशी नाही म्हटल्यावर बहुतेक ऊर्जा साखरेतूनच देणे भाग होते. पाणी कमी ठेवून साखर वाढवायची तर द्रावण रक्ताच्या पाचसहा पट संहत होते. परासरणाचा धडा शिकवताना आपण बेदाणा घट्ट पाकात टाकून दाखवतो. हाताच्या बारीक शिरेत असे द्रावण सोडले तर शिरेच्या आतल्या पेशींची तीच गत होते. शीर सुजते आणि बंद पडते. यावर उपाय म्हणजे जिथे रक्ताचा लोंढा मोठा आहे तिथे, म्हणजे हृदयाच्या तोंडाशी, हळूहळू द्रावण सोडायचे. रक्तात ते क्षणात पातळ होते. गळ्यापासून खांद्याकडे जाणाऱ्या हाडाखालच्या शिरेत सुई घालून तिथवर पोहोचता येते, हे रोबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९५२ सालीच दाखवले होते.

डुड्रिक यांनी बीगल जातीची सहा पिले निवडली. प्रौढ कुत्रा घेतला असता तर 'तो अंगातल्या साठ्यावर जगला' असे कोणीही म्हणू शकले असते. पिलाला जगण्याबरोबर वाढायचेही असते. या पिलांना ७२ ते २५६ दिवस केवळ शिरेतून अन्न दिले आणि त्यांच्या भावंडांना नेहमीसारखे तोंडाने. पिलाला हिंडता यावे म्हणून नळी पाठीवरच्या जाकिटातून वर नेऊन फिरत्या जोडाला लावली होती. दोन्ही गटांतली पिले सारखीच वाढली.

यातला पुरावा कोणता होता? तराजू, मोजपट्टी आणि नायट्रोजनची वही. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. शरीरात गेलेला नायट्रोजन आणि मूत्र-विष्ठेतून बाहेर आलेला नायट्रोजन यांची वजाबाकी केली की ऊतक बांधले जात आहे की मोडले जात आहे ते कळते. १८३९ साली बुसँगो यांनी दुभत्या गाईवर हा हिशेब करून पाहिला होता. म्हणजे डुड्रिक यांचे साधन सव्वाशे वर्षांचे जुने होते.

१९६७ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एका नवजात मुलीवर हीच पद्धत वापरण्यात आली. तिला जन्मतःच लहान आतडे जवळजवळ नव्हते. शिरेतल्या अन्नावर तिचे वजन वाढले, लांबी वाढली, डोक्याचा घेर वाढला. ती सुमारे २२ महिने जगली. १९६८ साली हे दोन्ही वृत्तांत छापले गेले, त्याबरोबर १० ते २०० दिवस असे पोषण मिळालेल्या ३० रोग्यांचाही. यापुढे या पद्धतीला मी शिरापोषण म्हणेन.

नोंदी नीट ठेवल्या की काय सापडते याचे एक उदाहरण द्यायलाच हवे. टोरांटोमध्ये काम करणारे, वेल्लोरला वैद्यक शिकलेले डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांची एक रोगीण तीन वर्षांहून अधिक काळ शिरापोषणावर होती. तिचे वजन उतरू लागले, रक्तातली साखर आवरेना, हातापायांच्या नसा बिघडल्या. इन्शुलिनने फरक पडला नाही. रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम दिल्यावर दोन आठवड्यांत सुधारणा झाली. हा वृत्तांत १९७७ चा. पिशवीत जे आपण टाकत नाही ते शरीराला कुठूनच मिळत नाही, म्हणून शिरापोषण घेणारा रोगी म्हणजे आहारशास्त्राचा एक चालता प्रयोगच ठरला. (क्रोमियम खरोखरच आवश्यक आहे का याबद्दल अलीकडे वाद आहे. पिशवीत ते अजून घालतात.)

अन्न, औषध की अवयव?

सिएटलचे बेल्डिंग स्क्रिब्नर हे मूत्रपिंडाचे डॉक्टर. रक्त शुद्ध करणारे यंत्र पुन्हापुन्हा जोडता यावे म्हणून टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवण्याची युक्ती त्यांनी १९६० साली काढली होती. तीच युक्ती आतड्यासाठी वापरून रोग्याने घरी, रात्री झोपेत शिरापोषण घ्यावे असे त्यांनी सुचवले, आणि १९७० च्या लेखात त्याला नाव दिले 'कृत्रिम आतडे'. त्यांच्या दृष्टीने ही उपमा होती. चौदा वर्षांनी ती कायद्याचा आधार ठरली.

अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा १९६५ साली सुरू झाला. १९७२ च्या दुरुस्तीने त्यात अपंग आणि मूत्रपिंड निकामी झालेले रोगीही आले. रुग्णालयातले उपचार त्यात होते, पण घरी घ्यायची औषधे बहुतेक नव्हती, आणि अन्न तर नव्हतेच. मग घरी शिरापोषण घेणाऱ्याचा खर्च कसा द्यायचा? कायद्यात एक कलम होते: शरीराच्या आतल्या अवयवाचे काम पूर्णतः किंवा अंशतः करणाऱ्या कृत्रिम साधनाचा खर्च द्यावा. पोटावर बसवायची कोलोस्टोमीची पिशवी त्यात मोडते. अधिकाऱ्यांनी असा अर्थ लावला की निकामी आतड्याच्या जागी काम करणारी नळी, पंप आणि पिशवीतले द्रावण मिळून एक कृत्रिम अवयव होतो. ११ जुलै १९८४ पासून हा निर्णय देशभर लागू झाला.

मला ही युक्ती आवडते. ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि सोयाबीनचे तेल कायद्याच्या दृष्टीने लाकडी पायाच्या रांगेत जाऊन बसले, आणि हजारोंना घरी जगता आले. पण अवयव म्हटल्यावर अवयवाच्या अटीही आल्या. कृत्रिम पाय हवा तर खरा पाय कायमचा गेलेला असावा लागतो. तसेच आतड्याचा बिघाडही दीर्घकाळचा असला पाहिजे, साधारणपणे निदान तीन महिन्यांचा. सहा आठवड्यांत बरे होण्याची आशा असलेला रोगी या व्याख्येत बसत नव्हता. बरे होण्याची शक्यता हीच त्याची अडचण.

शिवाय आतडे 'निकामी' आहे हे सिद्ध करायचे कसे? १९९० च्या दशकात याचे आकडे ठरले, आणि ते मुळातून पाहण्यासारखे आहेत. गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया होऊन लहान आतडे पाच फूट किंवा त्याहून कमी उरलेले असावे. (निरोगी माणसाचे सुमारे वीस फूट असते.) किंवा रोज निदान ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाऊन ७२ तासांची विष्ठा गोळा करावी, आणि खाल्लेल्यापैकी निम्म्याहून अधिक स्निग्धांश तिच्यात सापडावा. किंवा तीन महिन्यांत वजन दहा टक्के घटलेले असावे, रक्तातले अल्ब्युमिन १०० मिलिलिटरमागे ३.४ ग्रॅम किंवा कमी असावे, आणि जोडीला स्निग्ध पदार्थांचे तीव्र अपशोषणही असावे. याशिवाय काही पर्याय होते. काही रोग्यांना आधी नाकातून नळी घालून अन्न देण्याचा प्रयत्न फसला, हेही दाखवावे लागे.

यातले प्रत्येक माप विज्ञानातूनच आलेले होते. विष्ठेतला स्निग्धांश मोजण्याची व्हान डी कामर यांची पद्धत १९४९ ची आणि भरवशाची आहे. अडचण अशी की जो रोगी काही खाऊच शकत नाही त्याने रोज ५० ग्रॅम तूप-लोणी कुठून खायचे? आणि तीन दिवस डब्यात विष्ठा साठवण्याचे काम घरातल्या कोणी तरी करायचे. शिवाय ज्याचे आतडे सहा फूट उरले पण ते रोगट आहे, त्याची लांबी मोजपट्टीवर 'पुरेशी' भरत होती.

नियम करणारे मूर्ख नव्हते, हेही लिहिले पाहिजे. शिरापोषण महाग असते, त्यात जंतुसंसर्गाचा आणि यकृत बिघडण्याचा धोका असतो, आणि पिशव्या पुरवणारी कंपनी 'हवे आहे' असेच म्हणणार. हजारो मैलांवर बसलेल्या कारकुनाला रोगी दिसत नाही, कागद दिसतो. कागदावर फूट आणि ग्रॅम पडताळता येतात. डॉक्टरचे मत पडताळता येत नाही.

तो कागद कसा होता? त्यात रोजच्या अमिनो आम्लांचे मिलिलिटर, टक्केवारी आणि प्रथिनांचे ग्रॅम, ग्लुकोजचे मिलिलिटर आणि टक्केवारी, तेलाच्या पायसाचे मिलिलिटर, आठवड्यातले दिवस आणि नळीचा मार्ग भरायचा असे. त्यावरून बिलाचा संकेतांक ठरतो. दिवसाला १० ते ५१ ग्रॅम प्रथिने असतील तर बी ४१८९, ५२ ते ७३ ला बी ४१९३, ७४ ते १०० ला बी ४१९७, आणि त्यापुढे बी ४१९९. हे संकेतांक आजही चालू आहेत. एक उदाहरण घेऊ. रोगी ६० किलोचा. साडेआठ टक्के अमिनो आम्लांचे एक लिटर, म्हणजे ८५ ग्रॅम, ३४० किलोकॅलरी. ग्लुकोज २५० ग्रॅम, ८५० किलोकॅलरी. वीस टक्के पायसाचे २५० मिलिलिटर, म्हणजे ५० ग्रॅम तेल, ५०० किलोकॅलरी. एकूण १६९०, किलोमागे २८. तेव्हाच्या नियमाची मर्यादा होती किलोमागे २० ते ३५ किलोकॅलरी आणि ०.८ ते १.५ ग्रॅम प्रथिने; हा रोगी दोन्हीत बसतो. तेल मात्र महिन्याला १५०० ग्रॅम, म्हणजे नेमके काठावर. त्याहून थेंबभर अधिक दिले तर का दिले याचे कारण केसपेपरात लिहावे लागे. नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब सहज जमेल.

अल्ब्युमिनची गोष्ट

या सर्व आकड्यांत मला खटकतो तो अल्ब्युमिनचा. प्रथिनांवर काम करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत अल्ब्युमिनची बाटली असतेच, त्यामुळे या रेणूशी माझी जुनी ओळख आहे. यकृतात ते तयार होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे वीस दिवस. उपाशी माणसात प्रथिने कमी, म्हणून अल्ब्युमिन कमी, हा तर्क १९७० च्या दशकात पटण्यासारखा होता आणि तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत तो होता.

पुढे वेगळेच दिसले. शरीरात कुठेही दाह किंवा जंतुसंसर्ग झाला की यकृत अल्ब्युमिन बनवणे कमी करते, आणि केशवाहिन्यांतून ते बाहेरही झिरपते. म्हणून चांगले खाणाऱ्या माणसाचे अल्ब्युमिन न्यूमोनियात चार दिवसांत घसरते, तर अन्न सोडून हाडांचा सापळा झालेल्या मुलींचे बहुधा जवळजवळ ठीक असते. म्हणजे या मापाने सांगितलेली गोष्ट आजाराची होती, भुकेची नव्हती. २०१२ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या आणि शिरापोषणतज्ज्ञांच्या संघटनांनी कुपोषण ओळखण्याची नवी लक्षणे संयुक्तपणे ठरवली: खाणे किती घटले, वजन, स्नायू आणि चरबी किती झिजली, अंगावर सूज आहे का, हाताची पकड किती उरली. त्या यादीत अल्ब्युमिन नव्हते. विम्याच्या नियमात मात्र ३.४ हा आकडा आणखी नऊ वर्षे राहिला. उपाशी पण दाह नसलेला, म्हणून ३.६ अल्ब्युमिन असलेला रोगी या निकषावर नापास होत राहिला.

सप्टेंबर २०२१ मध्ये हे आकडे नियमातून गेले. १ जानेवारी २०२२ पासून १९८४ चा निर्णयही मागे घेण्यात आला, आणि १ जानेवारी २०२३ पासून तो स्वतंत्र फॉर्म बंद झाला. आता डॉक्टरने केसपेपरात लिहायचे असते की नळीने अन्न देण्याचा विचार किंवा प्रयत्न झाला आहे आणि आतड्याच्या अमुक विकारामुळे ते शक्य नाही. विष्ठेचे डबे गेले.

मूळ कलम मात्र तेच आहे. मेडिकेअरच्या या भागात शिरापोषण आजही कृत्रिम अवयव म्हणूनच मिळते, आणि दीर्घकाळाची अट आजही आहे. ज्याचा आजार तेवढा टिकाऊ नाही त्याच्यासाठी २००६ पासून औषधांच्या विम्याची एक वाट उघडली. तिथे अमिनो आम्ले आणि ग्लुकोज हे औषध धरले जाते आणि त्याचे पैसे मिळू शकतात. पण त्या विम्यात पंप, नळी आणि परिचारिकेचा खर्च बसत नाही.